बर्फाच्या चंद्राची राजदूत

मोंतेविदेओ,
रविवार, १४ जुलै

प्रिय नेलिदे,

थोरलीचे आशीर्वाद. गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक आहे. तुझी कंबर कशी, तिकडे पाइसांदूत थंडी किती, ते कळव. पत्र माझी नात जिमेना लिहितेय. मी बोलते तसंच लिही, सुधारू नकोस, असं बजावलंय. तरी मधूनच गालात हसते, म्हणजे काहीतरी सुधारत असणार.

बातमी अशी, की मी राजदूत झालेय. बर्फाच्या चंद्राची. दात काढू नकोस. दर शनिवारी दुपारी जिमेनाची टोळी माझ्या स्वयंपाकघरात जमते आणि अंतराळातलं राजकारण खेळते. फासे असतात, पण क्वचितच पडतात. बाकी नुसतं बोलणं. तह, घासाघीस, थापा, लाडीगोडी. आधी मी फक्त कणकेच्या तोर्ता तळून द्यायची. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "असा सौदा करतात होय रे? मंडईतली कांदेवालीसुद्धा विकून खाईल तुम्हाला." झालं, मला खुर्चीच दिली! बाकीच्यांच्या कागदांवर अक्षरं, माझ्या कागदावर जिमेनानं काढलेली चित्रं. थेंब म्हणजे आमचं पाणी, कान म्हणजे आमचे हेर. लोकांना वाटतं, म्हातारीला चित्रांची हौस आहे. मीही वाटू देते.

समोर विल्मार. कोपऱ्यावर ज्याचं औषधांचं दुकान होतं ना, तोच. त्याच्या चंद्रावर हवा आहे, पाणी नाही, आमचं उलटं; तह होईपर्यंत आमची हवा त्याच्याच नळातून, उधारीवर. काल तह व्हायचा होता. या खेळात गुपचूप काही सांगायचं तर चिठ्ठी सरकवायची रीत आहे. विल्मारनं तीन सरकवल्या. तिन्ही वेळा मी राजदूतासारखी मान डोलावली आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली.

विल्मार उठलाच. "बास! उत्तर नाही म्हणजे युद्ध. हवेचा नळ बंद!"

जिमेना म्हणाली, "आजी, तुझी चाळीस हजार माणसं गुदमरतायत."

"अहो, असा कसा बंद करता? आधी विचारायची पद्धत आहे की नाही?"

"तीनदा विचारलं, ओब्दुलियाबाई! खिशात बघा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चिठ्ठ्या काढून जिमेनापुढे ठेवल्या. "वाच गं. मला येत नाही." परक्यांसमोर हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलले.

पहिलीत होतं, हवा देतो, पाणी द्या. दुसरीत, बरं, निम्म्या पाण्यातही देतो. तिसरीत, काहीच नको, फक्त बोला.

विल्मार लालबुंद. "आधी सांगायचं नाही का, बाई? चाळीस हजारांचं पाप माझ्या माथी मारत होतात!" नळ उघडला. आता तोही चित्रं काढून चिठ्ठ्या देणार आहे. एक काढून दाखवलं. यान आहे म्हणतो, मला तर बदक दिसलं.

हं. आता लिही, जिमेना, थांबू नकोस.

नेलिदे, आज सकाळी मी बिस्किटांचा डबा खाली काढला. तुझी सातही पत्रं त्यात आहेत. डिंकसुद्धा सुटलेला नव्हता. आईचं घर विकताना चारचौघांत तू म्हणालीस, "अंगठा लाव, बाकी तुला काय कळतंय." शाळेत तुला घातलं, मी घरी राहिले, ते तुला ठाऊक होतं. आणि वर पत्रं पाठवलीस! मला वाटलं, दात नसलेल्याला चणे पाठवावेत, तशी मुद्दाम पाठवतेस.

पहिलं जिमेनानं वाचून दाखवलं. त्यात तू माफी मागितलीयस. बारा वर्षांपूर्वी. आणि मी इथे बारा वर्षं मान डोलावत बसलेय.

चूक माझी. लिहिलंस, जिमेना? दोनदा लिही.

उरलेली सहा बंदच ठेवलीत. ती तुझ्या तोंडून ऐकायचीत. शनिवारी सकाळच्या बसनं ये. विल्मारच्या चंद्राला हेर हवाय, आणि चहाड्या तर तू पाळण्यातूनच शिकलीस.

खालचा अंगठा या वेळी कुणी लाव म्हटलं म्हणून नाही, माझ्या मनानं लावलाय.

तुझी, माफी मागणारी आणि तरीही थोरलीच,
ओब्दुलिया