हॉलंड की डेन्मार्क

बनशंकरी, बेंगळूरु

श्री. जयसिंगराव यांस,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता कमी असेल अशी आशा करतो. वहिनींना नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नका. त्या लगेच तुमच्या बहिणीला फोन लावतील. (मी स्वतः फोन केला नाही तो याचसाठी. आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा नळ सोडून बोललेलंही अनुसूयेला ऐकू जातं.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुमची बहीण वयाच्या बावन्नाव्या वर्षी डॉक्टरेट करायला परदेशी निघाली आहे. मी रिटायर झालो, आता सकाळी दोघं निवांत कॉफी पिऊ, असे बेत करत होतो, तोवर ही सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी मुदतीआधी सोडायचा अर्ज देऊन आली. इथल्या तळ्यांवर फेस का येतो, हा हिचा विषय. माझ्या मते तो नाक दाबून पुढे जायचा विषय. पण हॉलंडच्या एका विद्यापीठाला तो संशोधनाचा वाटला, आणि त्याच आठवड्यात डेन्मार्कच्याही. पाण्याच्या अभ्यासात दोन्ही सारखीच नावाजलेली, दोन्हीकडे पगार देऊन शिकवणार. जाणकार म्हणाले, "कुठेही जा, नशीबच लागतं."

इथे मला संधी दिसली. नको जाऊस म्हटलं असतं तर ती हटकून गेली असती (तुमच्या घराण्याचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगणार). तेव्हा मी ठरवलं, निर्णयच होऊ द्यायचा नाही. दोन सारख्या वस्तूंत माणूस अडकून पडतो; आमच्या सोफ्याचं कापड याच कारणाने वर्षभर ठरलं नव्हतं. ती हॉलंडकडे झुकली की मी डेन्मार्कचे गोडवे गायचे, डेन्मार्ककडे वळली की हॉलंडचे. आता गोडवे गायला माहिती लागते. म्हणून मी दोन्हीकडच्या प्राध्यापकांचे लेख वाचायला लागलो. साबण, सांडपाणी, जीवाणू. अडलं की तिलाच विचारायचो, ती समजावून सांगायची, आणि संध्याकाळी तेच मी उलटवून तिच्या अंगावर टाकायचो. एका रविवारी ती मला तळं दाखवायला घेऊन गेली. फेसाकडे बघत मी म्हणालो, "डेन्मार्कच्या बाईंचं म्हणणं वेगळं आहे हं," तर ही भर रस्त्यात खळखळून हसली. ऑटोवाला नाकाला रुमाल लावून "स्वल्प बेग, सार" म्हणून घाई करत होता, तरी आम्ही तिथेच उभे.

मध्येच माझे सकाळच्या फिरण्यातले स्नेही देवव्रत यांना मी चहाला बोलावलं. ते मुलाकडे डेन्मार्कला एक हिवाळा काढून आलेत; थंडीचं वर्णन करून हिला घाबरवा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्या गृहस्थांनी बर्फातून चालायला किती मजा येते हेच तासभर ऐकवलं आणि वर उपमा दुसऱ्यांदा मागून घेतला.

तरी मी खूश होतो. मुदत संपत आली होती आणि निर्णय कुठे दिसत नव्हता. गेल्या शनिवारी मल्हार जेवायला आला. (आईबापांचं घर याच शहरात असताना आमचे चिरंजीव इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहतात. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) मी पानावर बसून डेन्मार्कची बाजू जोरात लढवत होतो. तो म्हणाला, "बाबा, बास आता. आईने हॉलंडला होकार कळवून महिना झाला. व्हिसासुद्धा आलाय."

मी अनुसूयेकडे बघितलं. ती भात वाढत होती, हात काही थांबला नाही.

"मग मला रोज बोलू कशाला दिलंस?"

"तुम्ही विचारत होतात," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून माझ्या कामाबद्दल तुम्ही पहिल्यांदाच काही विचारत होतात. होकार दिला म्हणून सांगितलं असतं तर थांबला असतात."

"आणि हॉलंडच का?"

"दोन्ही चांगलीच होती हो. एक घेतलं."

मी ताक मागितलं. दुसरं काय मागणार?

तेव्हा जयसिंगराव, तुम्ही थोरले, तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तिचं विमान उडायच्या आत एकदा इकडे या आणि चार शब्द सुनावा. या वयात घर सोडून फेसामागे जाणं शोभतं का, एवढं तरी विचारा. मी बोललो तर तो स्वार्थ ठरतो.

आपला,
सूर्यकांत

ता. क. सुनावायला येण्याचं राहू द्या. तिचा विषय खरोखर महत्त्वाचा आहे. मी वाचलंय.

आणखी एक. एवढं सगळं वाचताना हेही नजरेस आलं की हॉलंडला नवऱ्याला सोबत नेता येतं. तिला ते माहीत नसेल असं वाटत नाही. परवा ती नवीन बॅग घेऊन आली, एकच. रविवारी तुमचा तिला फोन असतोच, तेव्हा बोलता बोलता आपणहून सुचल्यासारखं विचाराल का, की सूर्यकांतरावांचं काय ठरलंय? मी विचारायला सांगितलं हे तिला कळू देऊ नका. हो म्हणाली तर लगेच कळवा. नाही म्हणाली तर पत्र पाठवायची तसदी घेऊ नका.