संघाचे गोत्र, नक्षत्र रोहिणी

तंजावूर,
१६ जून १९९५

चिरंजीव तुळजाराम यास अप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझी आई ठणठणीत आहे, तिचा गुडघाही आता बरा आहे. तुझे, आणि तू ज्यांचे पाय चोळतोस त्या अकरा ऑस्ट्रियन गृहस्थांचे कुशल कळवावे.

तुमचा फुटबॉल संघ त्या देशाच्या वरच्या श्रेणीत पहिला आला, हे वाचून आनंद झाला. (म्हणजे व्हायला हवा होता.) तू मागे लिहिलेस की हंगाम चांगला गेला तर मालिशवाल्याची नोकरी पक्की होईल, मग रजा घेऊन घरी येईन. ते वाक्य तुझ्या आईने मनावर घेतले. संघ सामना जिंकला की दर वेळी त्या शनिवारी मारुतीला वड्यांची माळ, असा नवस बोलून बसली. आम्हाला वाटले, फुटबॉलमध्ये असे कोण सारखे जिंकते! वीस वेळा उडीद वाटला रे. ग्राइंडरचा पट्टा दोनदा तुटला.

पहिल्याच अर्चनेला गुरुमूर्ती पुजाऱ्यांनी विचारले, संघाचे गोत्र कोणते, नक्षत्र कोणते? मी गडबडलो. (पंचांगात ऑस्ट्रियाची काही सोय नाही, मी पाहिले.) तुझी आई आपलेच कौशिक गोत्र आणि तुझे रोहिणी नक्षत्र सांगून मोकळी झाली. तेव्हापासून तो संघ आपल्या घरातला. हरला की ती निम्मे ताट तसेच सारायची. मी रोज वाचनालयात जाऊन वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांत तुमचा निकाल शोधायचो. तुमच्या गावाचे नाव दिसले की तूच दिसल्यासारखे वाटायचे. खरे सांगतो, त्यासाठीच जायचो.

आणि आता तुझे हे पत्र! पहिले आलो म्हणून युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत खेळायचे, सराव लगेच सुरू, रजा रद्द. संघ सातवा-आठवा आला असता तर आज तू इथे ओसरीवर कॉफी पीत बसला असतास. म्हणजे आम्हीच वडे घालून तुला तिकडे अडकवले. पत्र ऐकून तुझी आई एवढेच म्हणाली, "देवाला काय बोल लावूं? गोत्र, नक्षत्र मीच दिलें की."

असो. आम्हाला मुळीच वाईट वाटलेले नाही. काम टाकून धावत येऊ नकोस.

तुझा,
अप्पा

ता. क. गुडघ्याचे वर लिहिले ते तिने शेजारी बसून लिहवून घेतले. आता ती आत गेली आहे, भिंत धरून. डॉक्टरांच्या तेलाने काही होत नाही. म्हणते, माझ्या पोराचा हात लागला की बरा होईल.

दुसरा ता. क. उद्या शनिवार. उडीद निवडून ठेवला आहे. गोत्र तेच, नक्षत्र तेच, माळ मात्र या खेपेस एकशे आठ वड्यांची. मागणे असे की तुमचा संघ युरोपात पहिल्याच फेरीत हरावा. त्या अकरा जणांची माझ्या वतीने क्षमा माग, आणि पेटी भरून ठेव.