नांदेडहून पाऊण तास

अंथुर्णे, अधिक श्रावण वद्य दशमी

ती. विजयसिंहदादांना मानसिंगचा रामराम. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसं काही नाही. तुमची गुडघेदुखी कशी आहे? वहिनींना नमस्कार. नांदेडला पाऊस झाला असेल, इकडे तोही नाही.

तुम्हीच तिकडे नांदेडात जमवलेले आमचे जावई अविराजराव (दोष देत नाही, नुसती आठवण करून देतो) गेल्या दिवाळीत रुसून गेले, कारण त्यांच्या आधी ग्रामसेवकाच्या पानात करंजी पडली. तेव्हापासून सोनमचं माहेर बंद. तुमची बहीण म्हणाली, अधिक महिना लागलाय, जावयाला धोंड्याचं जेवण घालू, वाण देऊ, राग जाईल आणि पोरगीही येईल. मी मोबाईलवर नांदेड किती लांब ते बघितलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: नांदेड विमानतळ ते बारामती विमानतळ, तीनशे किलोमीटर, उड्डाणाला पाऊण तास. (विमान आहे की नाही हे लिहिलेलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही.) लगेच जावईबापूंना कळवलं, विमानानं या, पाऊण तासाचं तर काम. ‘येतो’ म्हणाले. मला वाटलं, तिकीट ते काढतील.

रविवारी आम्ही बारामतीच्या विमानतळाच्या कुंपणाशी उभे. तुमच्या बहिणीच्या हातात ओवाळायचं ताट, शेजारी राम हलगीवाला. एक लहानसं विमान आलं, चाकं टेकली, रामनं हलगी कडाडवली, आणि विमान न थांबता पुन्हा वर! घिरटी घालून आलं, टेकलं, परत गेलं. तिचा चेहरा उतरला. ‘आवं, करंजीचा राग अजून हाय त्यास्नी!’ पुढच्या खेपेला तिनं ताट खाली ठेवून विमानाला हात जोडले, ‘चुकलं आमचं, जावईबापू! तुमी नका उतरू, पर पोरीला तरी उतरवा!’ मीही टोपी काढली. शेवटी पहारेकऱ्यालाच दया आली. ‘मावशी, पोरं इमान शिकत्यात. टेकवायचं आन् उडायचं, येवढंच काम त्यांचं. नांदेडचं इमान हितं येतच न्हाय.’

तिकडे जावईबापू कोट घालून, सोनमला घेऊन, नांदेडच्या विमानतळावर ‘सासऱ्यानं पाठवलेलं विमान’ विचारत होते. (त्यांना वाटलं, तिकीट मी काढलंय.) साऱ्या भावकीला सांगून निघालेले. आता म्हणतात, येईन तर विमानानंच, आणि तोवर सोनमही येणार नाही.

दादा, हसू नका. घरात पुरणाचे धोंडे पडलेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही. महिना संपत आला, पुढचा अधिक तीन वर्षांनी. खरं सांगतो, जावयाचं मला एवढं नव्हतं. मला पोरगी बघायची होती.

आपला,
मानसिंग

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दोघांना तुमच्या गाडीत घालून घेऊन या. वाटेत वर बघू देऊ नका. माझ्या वतीनं त्यांचे पाय धरावे लागले तर धरा (गुडघे दुखतात ठाऊक आहे, तरी वाका).

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दारासमोर एसटी थांबली. सोनम एकटीच उतरली. सोलापूर, इंदापूर अशा गाड्या बदलत आली. नवऱ्याला सांगून आली, ‘तुम्ही विमानाची वाट बघा, मी निघाले.’ चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि आता मायलेकी रडत रडत धोंडे खातायत. तेव्हा दादा, वाकू नका, गुडघे सांभाळा. जावईबापूंना आणा, पण घाई करू नका.