शंटर धावला

प्रिय नूतन,

आधी बातमी, खुशाली मागाहून! आज आपला शंटर उठून फाटकापर्यंत धावत गेला. होय, धावत! माझ्या हाताखाली शिकलेला अंकुर मालगाडी घेऊन क्वार्टरमागून गेला, जाताना त्यानं माझ्यासारखाच आखूड हॉर्न दिला आणि आपला बारा वर्षांचा म्हातारा भुंकत सुटला. तुझ्या आईच्या हातातली कढई पडता पडता राहिली.

आठवतं ना, मी इंजिनावर असताना असाच हॉर्न द्यायचो आणि हा कुत्रा तुझ्याआधी फाटकाशी पोचायचा. मी निवृत्त झालो आणि काही दिवसांनी त्यानं उठणंच सोडलं. मला वाटलं, इंजिनात बाबा नाहीत हे त्याला कळतंय. किती कौतुकानं सांगत सुटलो मी हे भिलाई-३ भर! आई म्हणायची, "तुमच्यासंग तोही रिटायर होऊन राहिला." भांडंच्या भांडं पाणी प्यायचा, तर आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे. पोटभर खाऊनही बरगड्या दिसायला लागल्या, तर म्हणायचो, वय झालं. घरातच मुतायला लागला तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. आपला शंटर चालला, असंच वाटलं गं.

ऑटोत घालून त्याला जुनवानीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तपासता तपासता विचारत होत्या. पाणी जास्त पितो? खाऊनही वजन उतरलं? सारखी लघवी? दिवसभर पडून असतो? मी दर वेळी हो म्हणत होतो आणि तुझी आई शंटरकडे न बघता माझ्याकडे बघत होती. रक्तात साखर निघाली. आता दोन्ही वेळा खाणं झालं की इन्सुलिनची सुई. मीच टोचतो, आणि गडी हूं की चूं करत नाही.

तर पत्राचं कारण. तिथून निघाल्यावर आईनं ऑटो घराकडे वळूच दिला नाही, थेट माणसांच्या दवाखान्याकडे घ्यायला लावला. "आता तुमची पाळी. चाला," म्हणाली. तीच लक्षणं, बेटा. माझीही साखर निघाली, चांगलीच. तपासून घ्या म्हणून तू फोनवर कानीकपाळी ओरडत होतीस आणि मी सगळं वयावर ढकलत होतो. फोनवर तुझा रडवेला आवाज मला ऐकवला नसता, म्हणून लिहितोय. गोळ्या सुरू आहेत, गुलाबजाम बंद आहेत, आणि घाबरायचं काही नाही. कारण आज एक गोष्ट आईनंसुद्धा पाहिली नाही: शंटरच्या मागोमाग फाटकापर्यंत मीही धावलो.

तुझाच,
बाबा