स्कार्लेट रिबनचे एकवीस दिवस

शनिवार, ७ सप्टेंबर १९७४

बसवराजच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत, म्हणून मला लिहावं लागतंय. मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस पट्टी सोडायची नाही, मान हलवायची नाही. पण दैनिकातलं त्याचं रेसचं सदर गुरुवारी छापखान्यात पोचलंच पाहिजे. तो सांगणार, मी उतरवून घेणार. घोड्यांचं त्या कागदावर. माझं इथे — मला जे वाटतं ते आजाऱ्याला ऐकवता येत नाही.

अठरा वर्षं माझा धाकटा भाऊ 'लगाम' या नावाने लिहितो आणि अठरा वर्षं मी ते वाचत नाही. मुख्याध्यापिकेच्या घरात रेस! निवृत्त झाल्यावरही नाही वाचलं.

बसवराज म्हणाला, "एका लेखाचा प्रश्न आहे, अक्का. एकाच. बावीस तारखेला शर्यती नाहीत."

रविवार, ८ सप्टेंबर

पंधरा तारखेला पुण्यात कपाची मोठी शर्यत आहे. त्यात फक्त तीन वर्षांच्या घोड्या. यांच्या भाषेत फिली. नऊ जणी, मैलभर धाव. बसवराज म्हणाला, ही शर्यत शिकायला सोपी. एरवी चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिसं घालून त्याला जड करतात. इथे सगळ्यांना सारखं वजन. नुसती धाव बघायची.

पटलं. परीक्षा अशीच हवी.

मग रेसबुक, म्हणजे घोड्यांच्या मागच्या धावांची नोंद, वाचून दाखवलं. मी ओळ संपवायच्या आत पुढची तोच म्हणतो! पानंच्या पानं पाठ. शाळेत असताना एक कविता पाठ झाली नव्हती.

सोमवार, ९ सप्टेंबर

दैनिकाचे उपसंपादक शिवपुत्र येऊन गेले. लागोपाठ तीन रविवार 'लगाम'चा अंदाज चुकला. वाचक नाराज आहेत. "या खेपेला चुकलं तर सदर पुण्याच्या माणसाकडे द्यावं म्हणतात. माझ्या हातात काय हाय, बाई?" डोळे बांधलेल्या माणसाच्या उशाशी बसून हे बोलणं! चहा दिला. दुसरा कप विचारला नाही.

ते गेल्यावर बसवराजने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाला, "सदर गेलं तर मी कोण, अक्का? गिरणीतला जुना कारकून."

 मी लेखणी उचलली, म्हटलं सांग.

त्याने सांगितलं — स्कार्लेट रिबन जिंकणार. सगळ्या गावाचा पैसा तिच्यावरच आहे. चार धावांत दोनदा पहिली आली. दोनदा मागे पडली, त्यातली एक जुलैच्या चिखलामुळे आणि एक ऑगस्टमध्ये जॉकीच्या चुकीमुळे. मी लिहून घेतलं. विश्वास बसला नाही. दोनदा नापास होणारी मुलगी एकदा पाऊस सांगते आणि एकदा टाक. खरं कारण एकच असतं, आणि ते तिसरंच.

मंगळवार, १० सप्टेंबर

सापडलं!

प्रगतिपुस्तकासारखा तक्ता आखला. स्कार्लेट रिबन : १४ जुलै, सहावी. २८ जुलै, पहिली. ११ ऑगस्ट, पहिली. २५ ऑगस्ट, सातवी. दोन वाईट दिवसांत अंतर बेचाळीस दिवसांचं. म्हणजे दोनदा एकवीस. आणि २५ ऑगस्टपासून या रविवारपर्यंत — कॅलेंडरवर दोनदा बोट फिरवलं — एकवीस!

१९३६ साली प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले. पुढे जन्मभर गांडूळ आणि बेडूक शिकवले. आज प्रथमच ती पदवी कामाला आली. लगेच जाऊन सांगितलं, "ही घोडी दर एकवीस दिवसांनी माजावर येते. रविवारी तिचं मन धावण्यात नसणार."

"अक्का! हळू! शेजारी ईरम्मा ऐकतील!" साठीकडे झुकलेला पुरुष. पट्टीखाली कान लाल.

"ईरम्माला पाच मुलं आहेत. तिला ठाऊक आहे."

म्हणाला, तबेल्यातले लोक 'मूड नाही' म्हणतात. मूड! तो शब्द तोंडाने काढायला नको म्हणून इतक्या माणसांनी तारखा मोजल्या नाहीत.

बुधवार, ११ सप्टेंबर

पुस्तकी ज्ञान पडताळून घ्यावं. टांग्याच्या अड्ड्यावर गेले. धुळाप्पाची घोडी चंद्री तरणी आहे. सरळ विचारलं, माजावर असली की टांग्याला कशी चालते?

"काय इच्चारताय बाई हे! माझी पोरगी तुमच्या शाळंत शिकली हाय."

"म्हणूनच विचारते. उत्तर द्या."

डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "न्हाय वढत मनापास्नं. शेपटी उचलती, हितं थांब तितं थांब. चाबूक दावला की लईच अडती. तवा मी ठेसनाची भाडी घेतच न्हाय की."

"किती दिवसांनी?"

"तीन मंगळवार बाजार मोजायचे. चुकत न्हाय."

पाठीमागचे टांगेवाले हसत होते. मी वळून बघितल्यावर थांबले. ती सवय अजून गेलेली नाही — माझीही आणि लोकांचीही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सकाळी भांडण. बसवराज म्हणाला, अठरा वर्षं माझं नाव आणि आता त्यावर तुझं गणित? मी म्हटलं, तुझं नाव आहे म्हणूनच गणित बरोबर हवं. तुझीच निवड हवी असेल तर तीही शब्द न बदलता लिहीन. निर्णय तुझा.

 त्याने हात चाचपत माझ्या कागदापर्यंत आणला. "लिही. पण मग पहिली कोण?"

मोहिनी, म्हटलं. चार धावांत दुसरी, तिसरी, दुसरी, दुसरी. अशा मुली मी ओळखते. गाजत नाहीत, पण घसरतही नाहीत. तिच्यानंतर टी गार्डन.

छापखान्यात शिवपुत्र यांनी 'माजावर' हा शब्द वाचला आणि कागद पालथा ठेवला. "बाई, पेपर घराघरांत जातो. बायका वाचतात."

"बायकांना अर्थ सांगावा लागणार नाही."

"'प्रकृती बरी नाही' असं टाकू या की."

"ते खोटं आहे. तिची प्रकृती उत्तम आहे."

शेवटी तिथेच उभ्याने वाक्य बदलून दिलं : 'या घोडीच्या वाईट दिवसांमधलं अंतर मोजा. कारण समजलं नाही तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा.' खिळे जुळवणारा जुळारी मोठ्याने हसला. शिवपुत्र हसले नाहीत, पण कागद आत पाठवला.

शनिवार, १४ सप्टेंबर

छापलं. एक स्वल्पविराम गाळला आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

शर्यत दुपारी. निकाल उद्या कळणार. शेंगांची चटणी कुटून घेतली. गरजेपेक्षा जास्त कुटली. बसवराज म्हणाला, "अक्का, मुसळ ठेव. जिंकेल ती जिंकेल."

सोमवार, १६ सप्टेंबर

पुण्याची गाडी आली आणि मागोमाग धुळाप्पा दारात. ओरडतच! "बाई, रिबन आठवी! जॉकीनं चाबूक मारला तर उभीच ऱ्हायली की!" टी गार्डन पहिली. मोहिनी दुसरी — पुन्हा दुसरी! या मुलीला कोणीतरी खडसावायला हवं.

अंदाज पुरता बरोबर नाही. मी माझे मार्क कापले. पण दुपारी शिवपुत्र पेढे घेऊन आले. शनिवारचा पेपर लोक मागून वाचतात म्हणे. सदर राहिलं. या वेळी दुसरा कप विचारला.

बसवराज पट्टीखालून हसत होता. किती वर्षांनी आम्ही एकाच गोष्टीवर खूश झालो!

शनिवार, २१ सप्टेंबर

पट्टी सोडली. मी चष्म्याचा नंबर विचारला. डॉक्टर बघतच राहिले. "यांना मे महिन्यातच सांगितलंय, बाई. मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू आहे. रस्ता दिसेल. अक्षर दिसणार नाही."

म्हणजे मेपासून, थोडंफार दिसत होतं तोवर, येईल ते रेसबुक पाठ करत होता.

टांग्यात विचारलं, एका लेखाचा प्रश्न असं का म्हणालास? "खरं सांगितलं असतं तर बसली असतीस? म्हणून सोप्या शर्यतीपासून सुरुवात केली."

घरी आल्यावर बसवराजकडून मिळालं : दुर्बीण एक, वादी तुटलेली. रेसबुकांचे गठ्ठे सात. पुढच्या रविवारच्या शर्यतींचं कार्ड. 'लगाम' हे नाव.

सगळं पोचलं. वादी धुळाप्पाकडून शिवून घेणे.