खोडलेला 'नेहमीप्रमाणे'

४ मार्च
'पटकन' खोडला. 'जोरात' खोडला. 'नेहमीप्रमाणे' खोडला. सव्वा पानाचा जबाब अर्ध्या पानावर आला. काल पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात जाऊन त्याचा जबाब घेतला. कारखान्यात अपघाताचे कागद माझ्याकडे असतात. माझा नियम एकच — काय झालं तेवढं लिहायचं. क्रियाविशेषणं म्हणजे मतं.

संध्याकाळी पक्की प्रत त्याला वाचून दाखवली. "बरोबर आहे, ताई." डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी.

५ मार्च
मॅनेजर साहेब खूश. "तुमच्या लिखाणात चरबी म्हणून नसते!" हजेरी लिहिणारा टाइमकीपर पलीकडून — "मी मेलो तर बाई लिहितील, 'टाइमकीपर गेला.' कसा गेला, ते विचारायचं नाही!" सगळे हसले. मीही.

९ मार्च
विशेष काही नाही.

१२ मार्च
चौकशी समितीचं मत: कामगाराने स्वतःच्या मनाने नियम मोडला. कामावरून काढावं. आधार — त्याचाच जबाब. सोमवारी शेवटची बैठक.

१३ मार्च
त्याची बायको आली. खुर्ची दिली, बसली नाही.

"हे म्हणतात, सगळे तसंच करतात असं मी ताईंना सांगितलं होतं. तुम्ही लिहिलं नाहीत?"

लिहिलं होतं, मी म्हणाले.

"मग गेलं कुठं?"

पाणी दिलं. ते तसंच राहिलं.

ती गेल्यावर जबाबाचा कच्चा कागद काढला. 'मी नेहमीप्रमाणे जाळी वर केली आणि हात घातला.' जाळी हात वाचवायला असते. खाली असली की दिवसाचं काम पुरं होत नाही, म्हणून तिन्ही पाळ्यांत ती वरच. पक्क्या प्रतीत — 'मी जाळी वर केली आणि हात घातला.' सगळ्यांची सवय त्याच्या एकट्याच्या नावावर गेली. खोडताना मी वाक्य बघत होते.

१४ मार्च
कच्चा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती दोनदा वाचली.

"फाडून टाका की! कोण विचारतंय?"

मी उठले नाही. मग साहेब आवाज मऊ करून — "बरं, द्यायचाच तर वर लिहा, नक्कल करताना शब्द चुकून राहिला. चुकून! समिती नोंद घेईल, विषय मिटेल. तुमची नोकरी शाबूत."

१५ मार्च
रविवार. समितीला पत्र. चार मसुदे झाले. पहिल्या तिन्हींत 'चुकून' होता. चौथा असा: 'कामगार "नेहमीप्रमाणे" म्हणाला होता. तो शब्द मी मुद्दाम काढला. तिन्ही पाळ्यांना विचारावं.' सोबत कच्चा कागद.

'मुद्दाम' दोनदा खोडला. दोनदा परत लिहिला.

१६ मार्च
सकाळी नऊला पत्र दिलं. दहाला माझ्याकडून कागदांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. समितीने कामगाराला काढायचा निर्णय थांबवला आणि तिन्ही पाळ्यांना बोलावलं. सगळ्यांत आधी टाइमकीपर आत गेला. जाळी वर ठेवायचा हुकूम साहेबांचाच, असं आत सांगितल्याचं तो बाहेर येऊन म्हणाला. लिहून घ्यायला दुसरं कोणी होतं.