पेशींमधली शिवण

बाई, आज दुपारपासून माझ्या हातून काही होत नाही. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, काढली, पुन्हा ठेवली, आणि शेवटी शेजारच्या रिकाम्या वर्गात येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंगारच्या तुमच्या घरात राहणाऱ्यांना तुमचं नावही माहीत नसेल. तरी हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही.

आधी काम सांगते, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता. मी वृषणावर काम करते. वृषणात बारीक नळ्या असतात. त्यांच्या आत आधार देणाऱ्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारी काही प्रथिनं असतात. मी त्यांना शिवण म्हणते. मुलगा वयात येताना शुक्रपेशी पहिल्यांदा घडायला लागतात, तोवर शरीराच्या पहारेकऱ्यांनी आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवून टाकलेलं असतं. शिवणीचा आडोसा नसेल तर ते या नव्या पेशींवर तुटून पडतील. पण घडणाऱ्या पेशीला त्या शिवणीतूनच पलीकडं जायचं असतं. म्हणून तिच्या मागं नवी शिवण पडते आणि मगच पुढची उसवते. वाट दोन्हीकडून एकदम उघडी राहत नाही. ही प्रथिनं बनवणारी जनुकं कोण चालू करतं, कोण मंद करतं, कोण बंद करतं, हा माझा प्रश्न. पुरुषांचं संप्रेरक काही प्रथिनं वाढवतं, सूज आली की काही कमी होतात, एवढं कळलंय. दोन्हीकडून उलटसुलट हुकूम एकदम आले तर पेशी कुणाचं ऐकते, ते उंदरांतही नीट कळलेलं नाही. मी त्याच्याच मागं आहे.

दहावीचा वर्ग आठवतो. प्रजननाचा धडा बाकीच्या तुकड्यांना 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलाय. तुम्ही मात्र फळ्यावर आकृती काढताय. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसतं. तुम्ही खडू खाली ठेवता आणि हसू संपेपर्यंत नुसत्या उभ्या राहता. मग बाकांमधून फिरत माझ्या वहीशी थांबता. मी पुरुषाच्या अवयवांची आकृती पानाच्या कोपऱ्यात, नखाएवढी काढली आहे. "ही काय चोरीची वस्तू आहे?" तुम्ही विचारता. मी मान हलवते. "मग पानभर काढ. नावं दे. दुसऱ्याला वाचता आली पाहिजेत." सगळा वर्ग बघतोय, माझे कान तापलेत, आणि मी पान उलटून नव्यानं काढायला घेते.

आणि तुमचं स्वयंपाकघर. मी कॉलेजात होते, नाताळच्या करंज्यांना मदत करायला आले होते. बाहेर तुमच्या सासूबाई कुणा पाहुणीला सांगत होत्या, "सगळं दिलं देवानं, पन सुनेला पोरबाळ न्हाई दिलं." तुम्ही कातणं फिरवत राहिलात. मी खाली बघत होते. करंजी ताटात ठेवून तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, "दोघांपैकी तपासण्या फक्त माझ्याच झाल्या गं. सरांना कुणी कधी म्हटलंच नाही. मीसुद्धा नाही." निघताना तुम्ही माझ्या हातात करंज्यांचा डबा दिलात आणि म्हणालात, आईला सांग, डबा परत नको.

बाई, माझ्या घरातही तेच चालू होतं. धाकट्या भावाचा टेम्पो आहे, तो शिर्डीला फुलं पोचवतो. भावजय पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. मूल नाही म्हणून आईनं तिला दवाखाने दाखवले, देव दाखवले, दंडात गंडा बांधला. गेल्या उन्हाळ्यात मी घरी होते. भावजय भाकरी थापत होती, भाऊ जेवत होता. आई म्हणाली, "ल्हानपनापास्नं फडात मोळ्या उचलल्या हिनं. पोटाला काय झालं आसंल कुनाला ठावं." भावजयीचा हात थांबला नाही. मी म्हटलं, "आई, याची तपासणी केली का कुणी?"

"त्याला काय झालंय? धडधाकट हाय."

"धडधाकट दिसण्याचा याच्याशी संबंध नाही."

भावानं ताट सरकवलं. "ताई, तुजं पुन्यातलं पुन्यातच ठिव," म्हणाला आणि टेम्पो घेऊन निघून गेला. मी पुण्याला परतले तोवर तो माझ्याशी बोलला नाही.

मग एक दिवस त्याचाच फोन. "ती तपासनी कुटं करत्यात? नगरात नको. समदी वळखीची असत्यात." तो एकटाच आला. वीर्यात शुक्रपेशी नव्हत्या, एकही नाही. डॉक्टरांनी पुढं वृषणाचा बारीकसा तुकडा काढून तपासला. म्हणाले, पेशी घडायला सुरुवात होते, पण अर्ध्या वाटेत थांबतात. का थांबतात ते सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर भाऊ कितीतरी वेळ टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत बसला. मग म्हणाला, "तू बगतीस त्येच का हे?"

"असेल. नसेलही. थांबायला कारणं पुष्कळ असतात."

"तिला आदी सांगू का आईला?"

"तिला."

त्यानं दोघींना एकदमच सांगितलं, मी शेजारी बसले होते. भावजय उठून मोरीत गेली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मूल तर मला पायजेच हुतं, ताई. पन त्याच्याआदी कुनीतरी म्हनाया पायजे हुतं, की माज्यात काय न्हाई." तिचा राग मी पहिल्यांदा बघितला. भावानं मान खाली घातली. आई सुनेजवळ सरकली आणि तिच्या दंडातला गंडा सोडायला लागली. गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली. मग तो हातात धरून मुलाला विचारलं, "तुला बांदू का मग?" माझ्या ओठावर पेशी, जनुकं सगळं आलं होतं. भावानं गुपचूप हात पुढं केला.

आता भावजय मूल दत्तक घेऊ म्हणते. भाऊ हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. शिर्डीत फुलं उतरवून झाली की रविवारी मला फोन करतो. आधी पाऊसपाणी, डिझेल, झेंडूचा भाव, आणि मग सहज विचारल्यासारखं, "ताई, घावलं का काय?" मी म्हणते, जवळ आलोय. तो हं म्हणतो आणि फोन ठेवतो. दत्तकाचं त्या आशेवरच अडून राहिलंय हे मला कळतं, तरी पुढच्या रविवारी मी तेच बोलते.

परवा हे काम का निवडलं असं एका विद्यार्थिनीनं विचारलं, तर अपघातानं म्हणाले. ते खोटं होतं, तुम्हाला ते कळलं असतं. पण हे पत्र घेऊन तुमच्या दफनभूमीत जाण्याचं धाडस माझ्यात नाही, ते माझ्या टेबलाच्या खणातच राहील. बाई, आम्ही जवळ आलेलो नाही. ज्या उंदरांवर गेली काही वर्षं भिस्त होती, त्यांच्यातून काहीच निघालं नाही, हे मला आज सकाळी कळलं. आणि उद्या रविवार आहे.